डावा दिवा

बंद

समोरच्या भिंतीवर एकच गोल उमटला. उजवा. डाव्या बाजूला भिंत नव्हतीच, नुसतं धुकं होतं.

मी स्विच आत ढकलला, पुन्हा ओढला. एकच गोल.

"डावो गेलो," शेजारून आबा म्हणाले. घोंगडी पांघरून ते माझ्या आधीच येऊन गाडीत बसले होते. "बंद कर गाडी. उतर."

मी म्हटलं, एक तरी लागतोय, सावकाश जाऊ. एका दिव्याने घाट चढायचा नाही, हा त्यांचा नियम तळेरे स्टँडवरच्या प्रत्येक ड्रायव्हरला माहीत होता. समोरून येणाऱ्याला एकच दिवा दिसला की तो मोटरसायकल समजतो आणि रस्ता आपलाच म्हणून अंगावर येतो. टॅक्सी चालवली त्या सगळ्या वर्षांत त्यांनी हा नियम मोडला नव्हता. एकदा नवरदेवाला घेऊन निघाले असताना बल्ब गेला, तर त्याला मुंडावळ्यांसकट पायथ्याच्या देवळात उजाडेपर्यंत बसवून ठेवलं. तो चिडला तेव्हा आबा त्याला म्हणाले होते, मुहूर्त चुकलो तर भटजी दुसरो काढीत, तू दरीत गेलंस तर नवरी दुसरो काढीत.

मला गाडी त्यांनीच शिकवली. नियमासकट.

मी गाडी बंद केली. पहाट ओसरेपर्यंत आम्ही दोघं तसेच बसून राहिलो. बाहेर काही दिसत नव्हतं.

चालू

दुसऱ्या दिवशी दुपारी स्विच ओढला आणि दोन्ही दिवे लागले.

आता थोडं मागचं सांगते. आबा म्हणजे माझे वडील. त्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांना कोल्हापूरला डायलिसिसच्या यंत्रावर घालावं लागे. आमचं गाव घाटाच्या खाली, कोल्हापूर घाटाच्या वर, गगनबावडा ओलांडून आणखी बरंच पुढे. आमची पाळी सकाळची पहिली. एस.टी.ची पहिली गाडी पोचेपर्यंत ती निघून जायची. पावसाळ्यात त्या वेळेला घाटात धुकं इतकं दाट की भाड्याची जीप कुणी काढेना. राहिली आबांची जुनी अँबेसेडर, आणि ती चालवायला मी.

मी गावात पिठाची गिरण चालवायचे. नवऱ्याचं घर सोडून आले तेव्हा आबांनी ती घालून दिली होती. आई मी शाळेत असतानाच गेली. म्हणजे घरात आम्ही दोघंच, आणि अंगणात ती गाडी.

त्या मंगळवारी शेवटी एस.टी.ने गेलो. उशिरा पोचलो. सिस्टरने कुरकुर करत आबांना मधल्या वेळात अर्धवट यंत्रावर घेतलं. परतताना एस.टी.त त्यांना उलट्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी मी गाडी तळेऱ्याला लियाकतभाईकडे नेली. लियाकतभाई गाड्यांच्या वायरिंगचं काम करायचा आणि त्याहून जास्त बोलायचा. त्याने स्विच ओढला. दोन्ही लख्ख. बंद केला, ओढला. लख्ख. बोनेट आपटलं, हॉर्न वाजवला, गाडी खड्ड्यातून फिरवून आणली. लख्ख.

"कुंदाताई, हे दवाखान्यासारखं झालं," तो म्हणाला. "डॉक्टर समोर आला की पेशंटला काही दुखत नाही."

मी म्हटलं, पेशंट घरी खरोखरचा आहे, थट्टा नको. मग तो गंभीर झाला आणि त्याने दोन कारणं शोधली. पहिलं उंदीर. दुसरं जास्त विचित्र होतं. आबा दर दसऱ्याला गाडीची पूजा करून नारळ नेमका डाव्या दिव्याखालच्या बंपरवर फोडायचे. इतक्या वर्षांचं ते पाणी आत झिरपून अर्थिंगचा स्क्रू गंजला होता. त्याने तो काढून माझ्या हातावर ठेवला. हिरवा पडला होता.

"देवाने सगळं पाणी पिऊन टाकलं असतं तर हा दिवस आला नसता," लियाकतभाई म्हणाला. त्याने जागा घासून चकचकीत केली, नवा स्क्रू बसवला, नवी वायर दिली.

मला तो हिरवा स्क्रू फार आवडला. बिघाडाचं कारण हातात धरता आलं होतं. घरी नेऊन आबांना दाखवला. त्यांनी तो बराच वेळ उलटसुलट केला आणि म्हणाले, असात. असेल, म्हणजे.

बंद

शुक्रवारी पहाटे एकच गोल.

उजवा.

चालू

दुपारी दोन गोल.

बंद

त्या शुक्रवारी एस.टी.नेही काही झालं नाही. गगनबावड्याजवळ दरड आली होती. गाडी अर्ध्यातून परत फिरली. मी पोस्टाशेजारच्या बूथवरून डॉक्टरांना फोन केला. ते शांतपणे बोलले, त्याचीच मला जास्त भीती वाटली. मंगळवारची अर्धवट, शुक्रवारची नाही. आता येत्या मंगळवारी काहीही करून आणा. पाणी पायांत आहे तोवर ठीक, छातीत चढलं तर मला फोन करून उपयोग नाही.

शनिवारी आबांच्या पायावर बोट दाबलं तर खळगा तसाच राहिला. उशी उंच करूनही ते झोपेनात, बसूनच डोळा लागायचा. मी विचारलं, कसं वाटतंय. ते म्हणाले, बरा आसा. मग म्हणाले, त्या गाडीमागे लागू नको, गिरण उघड, लोक दळण घेऊन परत जातात.

मी गिरणीला कुलूप घातलं आणि गाडी काढली.

चालू

लियाकतभाईने मला बघून हात जोडले. दिवे दोन्ही लागत होते, हे सांगायला नकोच.

मी त्याला म्हटलं, आता दोष शोधायचा नाही. सगळंच नवीन करायचं.

तो म्हणाला, ताई, या गाडीला आता भंगारवालासुद्धा विचार करून हात लावेल. तिला नवे दिवे म्हणजे म्हाताऱ्या बैलाला चांदीची झूल. मी म्हटलं, बैल माझा आहे. तो म्हणाला, आबांना विचारलं का? मी म्हटलं, नाही, आणि तूही विचारायचं नाहीस, त्यांना जीव एकवटून श्वास घ्यावा लागतोय, तेवढंच पुरे.

मग मी त्याला काय हवंय ते सांगितलं. ते मला गिरणीमुळे सुचलं होतं. माझ्या गिरणीची मोटर काही भिंतीवरच्या बटणातून चालत नाही. बटण नुसता हुकूम देतं. खरा करंट स्टार्टरमधून थेट मोटरला जातो. गाडीत मात्र सगळा करंट बॅटरीपासून डॅशबोर्डपर्यंत यायचा, तिथल्या म्हाताऱ्या स्विचमधून आणि फ्यूजमधून फिरून परत पुढे दिव्यापर्यंत जायचा. वाटेत कुठेतरी तो अडत होता. मग ती वाटच कशाला ठेवायची?

"म्हणजे रिले," लियाकतभाई म्हणाला.

"नाव तू ठेव. वायर जाड घाल."

त्याला आता काम आवडायला लागलं होतं. त्याने जुने पिवळट दिवे काढले आणि हॅलोजनवाले बसवले. बोनेटच्या आत, बॅटरीला लागून, रिले आणि दोन नवे फ्यूज. जाड वायरी थेट दिव्यांना. डॅशबोर्डखालच्या जुन्या फ्यूजच्या पेटीचं काय करू, असं त्याने विचारलं. ती पेटी आबांनी स्वतः बसवली होती, प्रत्येक दिव्याला वेगळा फ्यूज, म्हणजे एक उडाला तरी दुसरा राहील. ती काढवेना. मी म्हटलं, असू दे तिथेच, आडवी येत नसेल तर.

"येत नाही. आता ती नुसती शोभेला," तो म्हणाला.

संध्याकाळी त्याने दुकानासमोरच्या शाळेच्या भिंतीवर दिवे पाडून स्क्रू फिरवत फिरवत दोन्ही गोल एका रेषेत आणले. त्या उजेडात भिंतीवर कुणी खरवडलेली नावं लांबून वाचता येत होती. मी तिथे उभी राहून ती सगळी वाचली.

घरी आले तेव्हा आबांनी विचारलं, काय केलंस? मी म्हटलं, तपासून आणली. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. मला वाटलं, दमले असतील.

बंद, चालू

मंगळवारी पहाटे मी चहा घेऊन बाहेर आले तर अंथरूण रिकामं. आबा गाडीत जाऊन बसले होते. दोन खोल्या आणि अंगण त्यांनी एकट्याने कसं ओलांडलं असेल कुणास ठाऊक. पुढच्या सीटवर, घोंगडी गुडघ्यांवर, तोंड उघडं ठेवून श्वास घेत होते. मी त्यांना रागावले. हाक का नाही मारलीत. त्यांनी चहा नको म्हणून हात हलवला.

मी आत बसले. गाडी सुरू केली. धुकं काचेला टेकलं होतं, समोरची भिंत दिसत नव्हती.

माझा हात अजून स्विचकडे गेलाही नव्हता.

"डावो लागाचो नाय," आबा म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं. ते समोर बघत होते. माझ्या हातून स्विच ओढला गेला तो त्यांच्याकडे बघतानाच, म्हणून भिंतीवर काय झालं ते मी आधी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं. अख्खा चेहरा पांढरा झाला. दोन्ही गालांवर उजेड.

भिंतीवर दोन गोल होते.

आबांनी समोर बघितलं, मग खाली, स्वतःच्या गुडघ्यांकडे. मग त्यांचा उजवा हात घोंगडीखालून डॅशबोर्डच्या खाली गेला. ड्रायव्हरच्या शेजारी बसलेल्या माणसाच्या अगदी गुडघ्यापाशी ती जुनी फ्यूजची पेटी होती. तिच्या झाकणाचा आवाज मी ओळखला. लहानपणी हजारदा ऐकला होता.

त्यांनी हात वर आणला. चिमटीत तंबाखूच्या पुडीचा प्लॅस्टिकचा तुकडा होता, घड्या घालून नखाएवढा केलेला. फ्यूज आणि त्याची पट्टी यांच्यामध्ये सरकवला की दिवा बंद. काढून घेतला की चालू. कुणालाही दिसणार नाही, उंदरालाही नाही.

"वायर कधी बदललंस?" त्यांनी विचारलं.

मी गाडी बंद केली. दिवे तसेच ठेवले.

मी खूप काही बोलणार होते. एस.टी.तल्या उलट्या, बूथवरचा फोन, गिरणीचं कुलूप. इतकंच विचारलं, "कित्याक, आबा?"

ते श्वासाला थांबले. मग तुकड्या-तुकड्यांनी बोलले.

आषाढातला एक मंगळवार. वरच्या मोठ्या वळणावर समोरून ट्रक आला होता, मला आठवतंय का? मला चांगलंच आठवत होतं. धुक्यातून तो अचानक अंगावर आला, मी न घाबरता डावीकडे घेतली, त्याला वाट दिली आणि पुढे निघाले. आबा शेजारी होते, काही बोलले नव्हते, म्हणजे चूक काढण्यासारखं काही नव्हतं, असा मी अर्थ घेतला. गिरणीत आलेल्या बायकांना ते मी दोनदा सांगितलं होतं. माझ्या हातून झालेलं ते सगळ्यात चांगलं ड्रायव्हिंग होतं.

"थंय कठडो तुटलेलो," आबा म्हणाले. "मी दारातसून खाली बघलंय. खाली रस्तो नाय होतो. चाक अर्धा भायर होता, कुंदा."

मी त्यांच्या बाजूच्या दाराकडे बघितलं.

"तेव्हा बोललंय असतंय तर तुझो हात हललो असतो. म्हणान गप रवलंय."

"आणि मग तंबाखूची पुडी."

"तुका नको सांगितला तर तू ऐकतलंस?" ते म्हणाले. नसतंच ऐकलं. ते त्यांनाही माहीत होतं. मला एकाच गोष्टीने थांबवता आलं असतं, त्यांच्या नियमाने. तो त्यांनी वापरला. "माका मरणाचा भय नाय गो. पण तुका घेवन नाय."

ते एवढं बोलले आणि त्यांना खोकला आला. खोकला थांबेना. पाठीवर हात ठेवला तर आत पाणी हलल्यासारखं वाजत होतं. डॉक्टर म्हणाले होते ते हेच असावं. त्या आवाजाने माझं ठरलं. रडायचं नंतर, वाद नंतर, आज निघायचं.

मी खाली उतरले, बोनेट उघडून नव्या वायरी हाताने ओढून बघितल्या, बंद केलं. काच पुसली. त्यांच्या बाजूचं दार उघडून सीट मागे कलती केली, म्हणजे श्वास घेता येईल. पुन्हा कलती काढून सरळ केली, कारण कलत्या सीटवरून रस्ता दिसला नसता.

"तुमाक प्रत्येक वळण पाठ आसा," मी म्हटलं. "माका नाय. मग गप बसान दरी कित्याक बघतास? बोला. कडा खंय आसा ता सांगा, मी चालवतंय."

"आणि तुझो हात हललो तर?"

"तर शिव्या घाला. स्टँडवर क्लीनरांका घालीत होतास तश्या."

आबा दिव्यांकडे बघत राहिले. मग त्यांनी घोंगडी मानेपर्यंत ओढली आणि बाजूची काच खाली घेतली. धुकं आत आलं.

"चल," म्हणाले.

डिप

घाट सुरू झाला आणि पहिल्याच वळणावर मला समोर काही दिसेनासं झालं. मी दिवे पूर्ण सोडले होते. शाळेच्या भिंतीवरची नावं वाचायला लावणारा तो सगळा उजेड धुक्यावर आपटून माझ्याच डोळ्यांत परत येत होता. समोर नुसती पांढरी भिंत. इतक्या खटपटीने मी भिंतच तेवढी मोठी करून आणली होती.

"खाली घे," आबा म्हणाले. "डिप मार. धुक्यात लांबचा बघूचा नसता."

डाव्या पायाखालचं बटण मी दाबलं. उजेड खाली पडला. बोनेटच्या पुढे चार हात डांबर दिसलं, ओलं, काळं. आणि डावीकडच्या नव्या दिव्यात रस्त्याची कड: गवत, मग खडी, मग काही नाही.

"त्या गवताबरोबर चल. पुढे बघू नको. पुढे मी आसंय."

मग ते बोलायला लागले. काचेबाहेर डोकं काढून, मध्ये मध्ये श्वासाला थांबून. हे लांबट वळण आहे, दुसरा गियर राहू दे. आता झऱ्याचा आवाज येईल, तिथे खडी सुटलेली असते. आता हॉर्न. अजून हॉर्न. समोरून गाडी आहे. मला काहीच दिसत नव्हतं. थांब म्हणाले, थांबले. धुक्यातून दुधाचा टेम्पो निघाला आणि आमच्या बाजूने खाली गेला. मी क्लच लवकर सोडला, गाडी हबकली, तेव्हा आबांनी अशी शिवी घातली की मी इथे लिहू शकत नाही. ती तळेरे स्टँडवरची होती. माझ्या हाताला तिने बरं वाटलं.

वरच्या मोठ्या वळणावर त्यांनी आवाज हळू केला.

"हयसर. उजवीकडे घे. आणखी. आणखी गो. डोंगराक लाग, आरसो घासलो तरी चलात."

आरसा घासला. डोंगराच्या दगडावर कर्रकन आवाज झाला आणि आरसा दुमडला. मी थांबले नाही. डाव्या दिव्याच्या उजेडात कठड्याचं तुटलेलं टोक हळूहळू जवळ आलं आणि मागे गेलं. त्यापलीकडे दिव्याला टेकायला काहीच नव्हतं. मी ते आत्ता पहिल्यांदा बघत होते. आबांनी ते एकट्याने किती वेळा बघितलं होतं, ते मी विचारलं नाही.

गगनबावड्याला वर आलो तेव्हा उजाडत होतं. पठारावर धुकं फाटलं. मी दिवे बंद केले. पुढचा सगळा रस्ता आबा सीटच्या पाठीला डोकं टेकून होते, बोललेच नाहीत. मी दोनदा हात धरून बघितला.

दवाखान्यात त्यांना खुर्चीवरून आत नेलं. सिस्टरने वजन केलं, काट्याकडे बघितलं आणि माझ्याकडे वळून बोलायला लागली. किती पाणी चढलंय बघा, दोन पाळ्या अशा घालवतात का, माणूस रस्त्यातच गेला असता. मी तिला काय सांगणार होते? हातात सुई टोचून घेताना आबांनीच तिला सांगितलं की गाडीचे दिवे गेले होते, मुलीने नवे घातले.

"मग आता शुक्रवारी नक्की ना?" सिस्टरने मला विचारलं.

मी आबांकडे बघितलं. त्यांचे डोळे मिटलेले होते. नळीतून रक्त निघालं, यंत्रात गेलं, फिरून परत यायला लागलं. थोड्या वेळाने, डोळे न उघडता, ते म्हणाले,

"शुक्रवारी जरा लवकर निघूया. ही वळणावर बैलगाडी हाकता."